नेपल्समध्ये खोली घेताना: गल्ली, मजला आणि खिडकी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून इटलीला जाणाऱ्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो: रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि पॉम्पे बघायचं म्हणून शेवटी नेपल्स. उद्यमबागेतले फाउंड्री-हायड्रॉलिकवाले मिलान-बोलोन्याच्या यंत्रप्रदर्शनांना जातात, त्यातलेही काही जण परतीच्या आधी दोन दिवस काढून दक्षिणेकडे उतरतात. स्टार बघायचे, फोटो बघायचे, स्टेशनजवळचं स्वस्त धरायचं, ही पद्धत रोममध्ये खपून जाते. नेपल्समध्ये ती अंगाशी येते.

शहर ग्रीकांनी वसवलेलं. जुना भाग 1995 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि त्याच भागात भिंती स्प्रेने रंगवलेल्या, कोपऱ्यावर कचरा, डोक्यावर वाळत घातलेली धुणी, अंग चोरून चालावं लागेल अशा बोळात मागून हॉर्न वाजवत येणारी स्कूटर. हे सगळं धरूनच जायचं. पण मुक्काम फसतो तो भाग वाईट निघाला म्हणून क्वचितच. बहुतेकदा इमारत, मजला किंवा खिडकी नडते, आणि या तिन्ही गोष्टी बुकिंगच्या आधी घरबसल्या तपासता येतात.

आधी कार्यक्रम, मग खोली

नेपल्समध्ये नक्की काय करायचं आहे, ते आधी ठरवा. फक्त अमाल्फीचा किनारा बघायचा असेल तर नेपल्समध्ये राहूच नका. सोरेंतो किंवा सालेर्नो धरा. सालेर्नो त्यातल्या त्यात सपाट, वेगवान गाड्या थांबणारं आणि खिशाला हलकं. उन्हाळ्याच्या मोसमात तिथून अमाल्फीला बोटी असतात. पॉम्पे, तसंच राखेखाली गाडलं गेलेलं एर्कोलानो, म्युझियम, जुनं शहर आणि एखाद दिवस कॅप्री असा बेत असेल तर मात्र नेपल्सच बरं, आणि किमान तीन रात्री.

मग नकाशावर दोन ठिकाणं पक्की करा. एक गारिबाल्दी, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशन. पॉम्पेला नेणारी चिर्कुमवेसुव्हियाना ही लोकल गाडी त्याच्याच तळघरात मिळते. दुसरं मुनिचिपियो, जिथून कॅप्री-इस्कियाच्या बोटींचा मोलो बेव्हेरेल्लो धक्का चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. दोन्ही मेट्रोच्या लाइन 1 वर आहेत. क्रम असा: गारिबाल्दी, दुओमो, उनिवेर्सिता, मुनिचिपियो, तोलेदो, दान्ते, मुझेओ. या सात स्टेशनांपैकी कुठल्याही एकापासून दहा मिनिटांच्या चालीत खोली मिळाली तर अर्धं काम झालं.

कुठला भाग कुणासाठी

जुनं शहर, म्हणजे स्पाक्कानापोली आणि व्हिया देई त्रिबुनाली या दोन लांबलचक सरळ गल्ल्या आणि त्यांच्या मधले बोळ. बघायचं बहुतेक सगळं पायाखाली: दुओमो म्हणजे मुख्य चर्च, सानसेव्हेरो चॅपेल, भुयारी नेपल्स, पिझ्झाची नावाजलेली दुकानं. इथे राहणं म्हणजे गणेशोत्सवात गणपत गल्लीत राहण्यासारखं: मजा आहे, झोप नाही. त्यातही पियात्सा बेल्लिनी आणि पियात्सा सान दोमेनिकोच्या आसपास पोरं रात्री दोन-दोनपर्यंत कट्ट्यावर बसतात, शुक्रवार-शनिवार तर विचारूच नका. डिसेंबरात सान ग्रेगोरियो आर्मेनो या नाताळच्या गोठ्यातल्या मूर्तींच्या गल्लीला इतकी गर्दी होते की सुटकेस घेऊन आडवं जाणंही मुश्कील. तरुण जोडप्यानं इथे जरूर राहावं. आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी याच भागाच्या कडेला, व्हिया दुओमो किंवा कोर्सो उंबेर्तोवर बघावं.

कोर्सो उंबेर्तोबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पर्यटक त्याला रुक्ष रस्ता म्हणून सोडून देतात. 1884 च्या कॉलऱ्यानंतर दाटीवाटीची वस्ती पाडून हा रुंद, सरळ रस्ता स्टेशनकडून शहरात काढला गेला. त्यामुळे इथल्या इमारती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या: जिने रुंद, लिफ्ट असण्याची शक्यता जास्त, दाराशी टॅक्सी येते आणि रस्ता सपाट. रस्त्याकडच्या खोलीला वाहनांचा आवाज असतो, म्हणून आतल्या चौकाकडची मागावी. उनिवेर्सिता ते मुनिचिपियो हा पट्टा पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला सगळ्यात सोयीचा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

क्वार्तिएरी स्पान्योली, म्हणजे व्हिया तोलेदोच्या पश्चिमेची चढती वस्ती. सोळाव्या शतकात स्पॅनिश सैन्यासाठी वसवलेली, आणि आज मॅरादोनाच्या भिंतीएवढ्या चित्रासाठी गजबजलेली. पूर्वी तिचं नाव वाईट होतं. आता खालच्या गल्ल्यांत खाणावळी आणि भाड्याच्या खोल्याच जास्त. तोलेदोपासून पहिल्या दोन-तीन आडव्या गल्ल्यांपर्यंत राहायला हरकत नाही. त्याच्या वर चढ वाढतो आणि रात्री वर्दळ कमी होते.

सानिता हा भाग दुसऱ्यांदा जाणाऱ्यांनी बघावा. कॅटाकोंब म्हणजे भुयारी दफनभूमी, जुने वाडे, खरीखुरी वस्ती. मात्र तो वरून जाणाऱ्या पुलाच्या खाली, खोलगट जागेत आहे. पुलावरून खाली उतरायला सार्वजनिक लिफ्ट आहे, ती बंद असेल तर वळसा पडतो.

वोमेरो टेकडीवर. मध्यमवर्गीय, झाडांची, झोपेची जागा. गारिबाल्दीहून लाइन 1 ने व्हान्व्हितेल्लीपर्यंत दहा स्टेशनं. किंवा तोलेदोजवळच्या आउगुस्तेओहून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी टेकडीची गाडी. गोम एवढीच की मेट्रो आणि फ्युनिक्युलर रात्री लवकर आटोपतात, काही वारी तर दहा-अकराच्या सुमारासच, आणि मग टॅक्सीशिवाय वर जायला सोपी वाट नाही. शिवाय फ्युनिक्युलर डागडुजीसाठी बंद पडली की दीर्घकाळ बंद राहते. क्यायाची लाइन ऑक्टोबर 2022 मध्ये थांबली ती दोन वर्षांहून अधिक काळ. जाहिरातीत ‘फ्युनिक्युलरपासून दोन मिनिटं’ असं असेल तर ती सध्या चालू आहे का, हे आधी विचारा.

क्याया आणि सांता लुचिया: समुद्र, महागडी दुकानं, मोठी हॉटेलं. पैशाची अडचण नसेल तर चांगलंच. फक्त पियात्सा देई मार्तीरीच्या मागच्या बारवाल्या गल्ल्या टाळा.

स्टेशनसमोरचा गारिबाल्दी चौक स्वस्त, आणि म्हणून आपल्याकडचे पुष्कळ लोक तिथेच बुकिंग करतात. रात्री उशिरा उतरून पहाटे पॉम्पे गाठायचं असेल तर एका रात्रीपुरतं ठीक. दार चौकावर किंवा कोर्सो उंबेर्तोच्या तोंडाशी उघडत असेल असंच हॉटेल घ्या. स्टेशनच्या उत्तरेची वास्तो वस्ती आणि रुळांच्या पलीकडचा ज्यानतुर्कोचा भाग कुटुंबासाठी नको.

पश्चिमेला पोत्सुओली, बान्योली, आन्यानो इकडे खोल्या स्वस्त दिसतात. तो सगळा टापू काम्पी फ्लेग्रेई या जिवंत ज्वालामुखी क्षेत्रात येतो. जमीन हळूहळू वर उचलली जाते आहे आणि वारंवार हादरे बसतात. मे 2024 आणि मार्च 2025 मध्ये 4 हून जास्त तीव्रतेचे बसले. बघायला दिवसा जा, झोपायला शहरात या.

पत्ता वाचायची रीत

नेपल्सचा नकाशा सपाट दिसतो, शहर तसं नाही. ‘चारशे मीटर’ म्हणजे कधी पाच मिनिटं, कधी दोनशे पायऱ्या. वोमेरोवरच्या सान मार्तीनोहून खाली उतरणाऱ्या पेदामेन्तीना या एकाच वाटेला 414 पायऱ्या आहेत, आणि नकाशावर ती दोन बोटांची रेघ असते.

पत्त्यातला पहिला शब्द बरंच सांगतो. ‘सालिता’ असेल तर चढ, ‘ग्रादोनी’ किंवा ‘स्काला’ असेल तर पायऱ्या, ‘रांपे’ म्हणजे वळणावळणाचा चढता रस्ता. ‘व्हिको’ म्हणजे बोळ. तिथे टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही. क्वार्तिएरीमध्ये ‘व्हिको लुंगो’ने सुरू होणाऱ्या गल्ल्या तोलेदोला समांतर जातात, त्यामुळे कमी चढाच्या, त्यांना छेदणारे बोळ थेट टेकडीवर चढतात. कोर्सो व्हित्तोरियो एमानुएले हा रस्ता टेकडीच्या कमरेवरून जातो. तिथल्या खोल्यांतून खाडी आणि व्हेसुव्हियस सुंदर दिसतात, पण खाली शहरात जायला प्रत्येक वेळी बस, फ्युनिक्युलर किंवा जिने.

गल्लीचं नाव कळलं की नकाशातल्या रस्त्याच्या फोटोंवरून मेट्रोच्या दारापासून इमारतीच्या दारापर्यंत ‘चालून’ या. तीन गोष्टी बघा: पायऱ्या आहेत का, फरसबंदी कशी आहे, आणि इमारतीच्या तळमजल्याला काय आहे. फरसबंदी बहुतेक ठिकाणी ज्वालामुखीच्या काळ्या दगडांची, सांध्यांत फटी असलेली. लहान चाकांच्या सुटकेसचं चाक त्या फटीत अडकून तुटतं. तळमजल्याला बार असेल तर रात्र गेली, मासळीवाला असेल तर पहाट गेली. पिन्यासेक्का बाजाराजवळच्या खोल्यांना हा दुसरा त्रास हमखास.

मजला, लिफ्ट आणि नाणं

तळमजला शून्य आणि वरचा पहिला, ही मोजणी आपल्यासारखीच. पण जुन्या वाड्यांची छतं चार-पाच मीटर उंच असतात आणि मध्ये अर्धा मजला दडलेला असतो, जो मोजतच नाहीत. त्यामुळे ‘तिसरा मजला’ म्हटलं की ऐंशीच्या पुढे पायऱ्या सहज होतात. तेवीस किलोची बॅग दोन वेळा न्यायची आहे, हे लक्षात ठेवून मजला ठरवा.

लिफ्ट आहे असं लिहिलेलं असलं तरी तीन प्रश्न उरतात. ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की पंधरा पायऱ्या चढल्यावर? मोठी सुटकेस मावते का? आणि ती नाण्यावर चालते का? नेपल्सच्या बऱ्याच जुन्या इमारतींत लिफ्टमध्ये 10 किंवा 20 सेंटचं नाणं टाकावं लागतं, रहिवाशांकडे किल्ली असते. मालक कधी किल्ली देतो, कधी नाण्यांची वाटी दाराशी ठेवतो, कधी काहीच सांगत नाही. विमानतळावर पाणी घेतल्यावर सुटी नाणी मागून खिशात ठेवा.

फाटकाजवळच्या बेलच्या पाटीवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनावं असतात. कुठलं नाव दाबायचं ते लेखी मागवून घ्या. त्याच पत्त्यावर आतल्या चौकातून दोन-तीन वेगळे जिने वर जातात, त्यांना स्काला ए, स्काला बी म्हणतात. चुकीच्या जिन्याने चौथा मजला चढला की पुन्हा उतरून दुसरा चढायचा!

खिडकी

फोटोत पलंग कसा दिसतो याला महत्त्व नाही. खिडकी कशाकडे उघडते, ते शोधा. ‘आतल्या चौकाकडे’ असेल तर शांतता, पण उजेड कमी. ‘रस्त्याकडे’ असेल तर दुहेरी काच आहे का विचारा; त्यांच्याकडे तिला ‘दोप्पी व्हेत्री’ म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुहेरी काच असून एसी नसेल तर उपयोग शून्य, कारण खिडकी उघडीच ठेवावी लागते.

दोन प्रकारच्या खोल्या फोटोवरून ओळखायला शिका. पहिली ‘बास्सो’: तळमजल्यावरची, गल्लीतच दार उघडणारी, एका खोलीची जागा. पूर्वी तिथे अख्खी कुटुंबं राहत, अजूनही राहतात, आणि आता त्यातल्या कित्येक पर्यटकांना भाड्याने जातात. खूण अशी की कुठल्याही फोटोत खिडकी नसते, फक्त वरच्या अर्ध्या भागात काच असलेलं दुपाखी दार असतं. ओल, उशापासून हातभर अंतरावर स्कूटर, आणि दार उघडं ठेवलं की येणारा-जाणारा आत डोकावणार. दुसरी ‘सोप्पाल्को’: उंच छताचा फायदा घेऊन खोलीत लाकडी किंवा लोखंडी माळा काढतात आणि ‘चार जणांची सोय’ लिहितात. माळ्यावर उभं राहता येत नाही, शिडीला बहुधा कठडा नसतो, आणि उन्हाळ्यात खोलीतली सगळी गरम हवा तिथे जमते. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला त्या शिडीवर चढवू नका.

न्हाणी, स्वयंपाक, वीज

जेट स्प्रे मिळणार नाही, पण बिदे, म्हणजे कमोडशेजारचं धुण्यासाठीचं बसकं भांडं, असतो. घरांत तो असलाच पाहिजे असा इटलीत 1975 पासूनचा नियम आहे. बादली-तांब्याची आंघोळ मात्र विसरा. न्हाणीघराच्या फरशीला पुष्कळदा मोरीचं तोंडच नसतं. शॉवरच्या पाळीबाहेर ओतलेलं पाणी खालच्या मजल्यावरच्या छतातून गळतं, आणि त्याचं बिल येतं.

गरम पाण्याची टाकी लहान असते, पन्नास ते ऐंशी लिटरची. लागोपाठ चार आंघोळी झाल्या की शेवटच्याला गारच. दोन आत्ता, दोन अर्ध्या-पाऊण तासाने, अशी वाटणी करा.

विजेचं जास्त जपावं लागतं. घरगुती जोडणी साधारण 3 किलोवॅटची असते. एसी, टाकीचा हीटर आणि पाणी उकळायची किटली एकदम लावली की मेन स्विच पडतो. तो कधी घरात असतो, कधी तळमजल्याच्या मीटरखोलीत कुलूपबंद. स्विच कुठे आहे आणि किल्ली कुठली, हे किल्ल्या घेतानाच विचारून ठेवा. आपली गोल तीन-पिन तिथे बसत नाही. मोबाइलची दोन-पिन बसते. राइस कुकर नेणारच असाल तर अडॅप्टर भारी करंटचा घ्या.

शाकाहारी मंडळींना स्वयंपाकघर असलेली खोली फार उपयोगी. पिझ्झा मारिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, तो निर्धास्त खा. पण स्फोल्यातेल्ला या गोड पाकळ्यांच्या पावात आणि मिरीच्या ताराल्ली कडबोळ्यांत बहुधा डुकराची चरबी असते. तांदूळ, डाळ, मसाले गारिबाल्दीच्या आणि पियात्सा काव्होरच्या आसपासच्या बांगलादेशी, श्रीलंकन दुकानांत मिळतात. घरून पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. कुंद्याचा डबा मात्र नको. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

बुकिंग आणि कागद

2025 पासून इटलीत भाड्याच्या प्रत्येक जागेला सीआयएन नावाचा राष्ट्रीय क्रमांक लागतो. तो जाहिरातीत आणि इमारतीच्या दाराशी दिसला पाहिजे. नसेल तर पुढे जाऊ नका. तक्रार करायची वेळ आली तर अशा जागेमागे उभं राहणारं कुणी नसतं.

व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. बुकिंगच्या कागदावर बहुधा एकाचंच नाव छापलं जातं. सगळ्यांची नावं पासपोर्टबरहुकूम लिहिलेला मेल मालकाकडून मागवा. व्हिसा हातात येईपर्यंत मोफत रद्द करता येणारंच बुकिंग ठेवा. अर्ज कुठल्या केंद्रावर द्यायचा हे राहत्या पत्त्यावरून ठरतं. कोल्हापूरच्या मेहुण्यांनी जिथे दिला तिथे बेळगावच्या पत्त्याचा अर्ज चालेलच असं नाही.

पैसे भरण्याआधी मालकाला एकच संदेश पाठवा, साध्या इंग्रजीत, आणि उत्तर लेखी घ्या: मजला कितवा, लिफ्ट रस्त्यापासून आहे का, खिडकी कुठे उघडते, प्रत्येक पलंग जमिनीवर आहे की माळ्यावर, एसी झोपायच्या खोलीत आहे का, रात्री नऊनंतर पोहोचलो तर किल्ली कोण देणार आणि जादा किती. जो मालक दोन दिवसांत नेमकं उत्तर देत नाही, तो नळ फुटल्यावरही देणार नाही. शहराचा मुक्काम-कर माणशी, रात्रीमागे वेगळा पडतो आणि बरेच जण तो रोख मागतात, पावती घ्या. पासपोर्ट मागितला तर बिचकू नका. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं मालकाला बंधनकारक आहे. नोंद झाली की पासपोर्ट लगेच परत मागून घ्या.

पोहोचताना

भारतातून थेट विमान नाही. आखाती शहरं किंवा इस्तंबूलमार्गे कापोदिकीनो या नेपल्सच्या विमानतळावर उतरता येतं, नाहीतर रोमला उतरून वेगवान गाडीने साधारण सव्वा तासात नेपल्स. विमानतळावरून आलिबुस ही बस 5 युरोत स्टेशन आणि बंदर दोन्हीकडे नेते. टॅक्सी घेतली तर बसण्याआधीच ‘तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता’ म्हणा, म्हणजे ठरलेला दर. गाडी सुटल्यावर म्हणाल तर मीटरच चालणार.

मंगळसूत्र, साखळी, पाटल्या आत किंवा घरीच. पर्स रस्त्याच्या उलट्या खांद्याला, कारण स्कूटरवरून हिसका रस्त्याच्या बाजूने मारतात. सुटकेस ओढत बोळात उभं राहून मोबाइलवर रस्ता शोधू नका. दुकानात शिरा, तिथे बघा.

खोलीत पाय ठेवल्यावर बॅगा उघडण्याआधी एसी लावा, गरम पाणी सोडा, प्रत्येक खिडकी आणि कुलूप बघा, पलंग मोजा. काही कबुलीप्रमाणे नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि जिथून बुकिंग केलं त्याच साइटच्या संदेशपेटीत त्याच दिवशी कळवा. मालक व्हॉट्सअॅपवर ‘उद्या बघू’ म्हणाला तरी तिथे लिहाच, कारण परतावा मागताना साइटवाले स्वतःच्या पेटीतले संदेशच धरतात. दुसरी जागा शोधायची झाली तर मोठ्या बॅगा स्टेशनच्या सामानघरात ठेवा आणि मोकळ्या हातांनी कोर्सो उंबेर्तोवरची दोन-तीन हॉटेलं स्वतः जाऊन बघा. खोली दाखवा म्हटलं तर दाखवतात.